तात्यांच्या गरिबीची पाहणी

मला मधुमेह नाही. कधी नव्हता, आमच्या घराण्यातही कुणाला नाही. हे एवढं ठासून सांगायचं कारण असं, की आमच्या गावातल्या निम्म्या लोकांची माझ्या मधुमेहाबद्दल पक्की खात्री आहे, आणि तो मला सोपानतात्यांनी बहाल केलेला आहे.

झालं असं. लोहारा तालुक्यातल्या या धरणाकाठच्या गावात मी बदली होऊन आले, हायस्कुलात विज्ञान शिकवायला. खोली मिळाली ती तात्यांच्या घराच्या अगदी समोर, मधे फक्त बैलगाडी जाईल एवढी बोळ. माझं सामान अजून टेम्पोतून उतरत होतं, तोच तात्या येऊन मला चहाला घेऊन गेले. बाजेवर बसवलं आणि आत हाक दिली, "कले, बाईला चहा टाक. फक्कड!" आतून कलाकाकूंचं उत्तर आलं नाही, नुसता डबा खरवडल्याचा आवाज आला. तात्यांनी तो बरोबर ओळखला. जराही न अडखळता ते ओरडले, "आन् आइक, साखर टाकू नगंस! बाईला शुगर हाय!" मी काही बोलणार, तेवढ्यात माझ्याकडं वळून हळहळत म्हणाले, "जपा हो बाई. वय काय तुमचं!"

पुढं मला कळलं, की तात्यांच्या घरात काय संपलंय त्यावर पाहुण्याचा आजार ठरतो. दूध संपलं असलं की पाहुण्याला पित्त होतं आणि त्याला काळा चहा मिळतो. पत्ती संपली असली की पाहुण्यानं नुकताच चहा सोडलेला असतो. एकदा एक विमा एजंट आला, त्या दिवशी घरात तिन्ही गोष्टी नव्हत्या. तात्यांनी त्याला एकाच बैठकीत तिन्ही आजार लावले आणि इतक्या काळजीनं विचारपूस केली, की तो बिचारा विमा विकायचं विसरून उमरग्याला स्वतःचं रक्त तपासायला गेला.

तात्या म्हणजे उंच, काटकुळे, पांढऱ्या टोपीचे. थोडी कोरडवाहू जमीन, चार शेळ्या, पत्र्याचं घर. कलाकाकू दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. दोघी थोरल्या मुली लग्न होऊन गेलेल्या, धाकटी अश्विनी घरात. पण तुम्ही तात्यांना "कसं चाललंय?" म्हणून विचारून बघा. ते छाती काढून उलट तुम्हालाच विचारतील, "काय कमी हाय का आपल्याला?" या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घराच्या चारी भिंतींवर लिहिलेलं आहे, पण आजवर गावात कुणी ते वाचून दाखवलेलं नाही.

पाहुणा हा त्यांचा जीव. एसटीतून उतरलेला अनोळखी माणूस जरा घुटमळताना दिसला की तात्या त्याला घरी आणतात. त्याचं काम दुसऱ्या गावात निघालं तरी हरकत नसते. मतदार यादीवाले, बोअरवाले, पोलिओचा डोस पाजणाऱ्या ताई, सगळे तात्यांच्या बाजेवर बसून जातात. मोजणीला आलेल्या एका साहेबाला तर त्यांनी अशी गळ घातली, की त्यानं शेजारच्या गावची मोजणी दुसऱ्या दिवसावर ढकलली. रिकाम्या हातानं कुणाला घालवायचं नाही, असा त्यांचा बाणा. आणि खरं सांगायचं तर हे सगळं मला फार गमतीचं वाटायचं, जोवर अश्विनीच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न आला नव्हता तोवर.

अश्विनी माझी विद्यार्थिनी. मुलगी अबोल, पण एकदा समजलेलं कधी विसरत नाही. बारावीनंतर तिचा लातूरला फार्मसीला नंबर लागला. मुलींची फी सरकारनं माफ केलेली आहे, त्याबद्दल सरकारचं भलं होवो. पण माफ झालेल्या फीवर झोपता येत नाही आणि ती ताटात वाढूनही घेता येत नाही. राहण्याचा आणि खानावळीचा खर्च तात्यांच्या चार शेळ्यांना झेपणारा नव्हता. तो भागला नाही तर अश्विनी गावात राहणार होती, आणि दिवाळीनंतर तिच्यासाठी स्थळं यायला लागणार होती. एक स्थळ तर थोरल्या आत्यानं हेरूनही ठेवलं होतं. अश्विनीनं हे मला शाळेच्या व्हरांड्यात सांगितलं. सांगताना ती खांबाच्या रंगाचे पोपडे नखानं काढत होती.

मग मी एक संस्था शोधून काढली. गरीब घरच्या मुलांचा वसतिगृहाचा आणि जेवणाचा सगळा खर्च, शिक्षण पुरं होईपर्यंत, ती उचलते. माणसं खरोखर भली आहेत. अट एवढीच, की कुटुंब गरीब असायला हवं आणि ते तसं दिसायलाही हवं. यातली पहिली अट तात्यांनी जन्मल्यापासून पूर्ण केलेली होती.

आपल्याकडं नुसतं गरीब असून भागत नाही. त्याचा दाखला लागतो, दाखल्याला अहवाल लागतो, अहवालाला पंचनामा लागतो आणि पंचनाम्याला असे पंच लागतात ज्यांनी तुमची गरिबी डोळ्यांनी पाहिलेली आहे. खरा गरीब माणूस हे सगळं गोळा करेपर्यंत इतक्या चकरा मारतो, की त्याची गरिबी आणखी वाढते आणि आधीचा दाखला खोटा ठरतो. तात्यांच्या बाबतीत अडचण वेगळीच निघाली. तलाठ्यानं विचारलं, "तात्या, वर्षाचं उत्पन्न काय धरू?" तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. बाकावर गावातली माणसं बसलेली होती, त्यातला एक तर व्याह्यांच्या भावकीतला. तात्यांनी टोपी सारखी केली आणि असा काही आकडा सांगितला, की तलाठ्याचं पेन थांबलं.

"तात्या," तो हात जोडून म्हणाला, "एवढं तर माझंबी न्हाय."

तलाठी समजूतदार होता. तात्यांच्या शेळ्या तो रोज रस्त्यात पाहत होता, त्यानं खरं तेच लिहिलं. बाहेर आल्यावर तात्या मला म्हणाले, "बाई, तलाठी माणूस चांगला हाय, पर हिसाबात कच्चा हाय."

संस्थेला मुलीच्या हातचा निबंधही हवा होता, 'माझ्या कुटुंबाची परिस्थिती' या विषयावर. अश्विनीनं लिहिला आणि तात्यांना वाचून दाखवायची चूक केली. तिनं लिहिलं होतं, आमच्या घराचे पत्रे फुटलेले आहेत. तात्या म्हणाले, "फुटलेले कशाला? हवेशीर म्हण." तिनं लिहिलं होतं, घरात नळ नाही. तात्या म्हणाले, "पर धरण किती जवळ हाय, ते लिही की!" शेळ्यांच्या जागी त्यांनी पशुधन घालायला लावलं. शेवटी तो निबंध वाचून एखाद्याला वाटावं, की हे लोक धरणाच्या काठी हवेशीर बंगल्यात राहून डेअरी चालवतात. मी तो फाडून पहिला परत लिहून घेतला. तात्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.

आता बाळासाहेबांबद्दल सांगायला हवं. बाळासाहेब आमच्या गावातले बागायतदार. ऊस, द्राक्षं, दुमजली घर, दारात पांढरी चारचाकी. त्यांचा रोहन पुण्यात इंजिनिअरिंगला चाललेला, आणि बाळासाहेबांनी त्याच्यासाठी त्याच संस्थेकडं अर्ज केलेला. तुम्ही म्हणाल, कसं शक्य आहे? कागदावर बघाल तर बाळासाहेबांइतका गांजलेला माणूस तालुक्यात सापडणार नाही. जमीन आईच्या, बायकोच्या, भावांच्या आणि एका भाच्याच्या नावावर, गाडी मेव्हण्याची, घर वडिलांचं. बाळासाहेबांच्या नावावर काही असलंच तर तो रोहन. खऱ्या गरिबाला आपली गरिबी नीट मांडता येत नाही. बाळासाहेबांनी ती एखाद्या लग्नाच्या रुखवतासारखी मांडली होती.

संस्थेचा निरोप आला, की अमुक दिवशी आमची माणसं दोन्ही अर्जदारांची घरं पाहायला येतील. मी तात्यांना बजावलं, "तात्या, घर जसं आहे तसं ठेवायचं. काही आणायचं नाही, काही लपवायचं नाही."

"बरं," तात्या म्हणाले.

त्यांनी इतक्या सहज होकार दिला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण एक लक्षात घ्या. आमच्या भागात परकी माणसं घर बघायला येतात ती एकाच कामासाठी, सोयरीक जमवायला. अशा वेळी सगळी आळी झटते. एका घरच्या खुर्च्या, दुसऱ्या घरचे कप, तिसऱ्या घरचा टीव्ही असं करून मुलीच्या बापाचं घर उभं केलं जातं, आणि त्यात कुणाला फसवणूक वाटत नाही, शेजारधर्म वाटतो. तात्यांनी दोन मुली अशाच उजवल्या होत्या. संस्थेची माणसं कशासाठी येताहेत हे त्यांना पूर्ण माहीत होतं. पण घर बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांचे हातपाय आपोआप चालायला लागले.

त्यातच आदल्या दिवशी बाळासाहेब त्यांच्याकडं आले. "सोपान, तुझी बाज, वाकळा आन् ती पोचे पडलेली भांडी उद्याच्या दिवस दे. शेतातल्या खोलीवर मांडायची हायेत."

एवढा मोठा माणूस आपल्या दारी काही मागायला आला, हे पाहून तात्यांना भरून आलं. "न्या की मालक! काय कमी हाय का आपल्याला?" आणि मग त्यांना सुचलं, "मग तुमचा सोफा मोकळाच पडंल की उद्याच्याला?"

तो सोफा आला. एकच ट्रॅक्टर, एकच खेप. जाताना गरिबी घेऊन गेला आणि येताना श्रीमंती घेऊन आला.

मी शाळेतून धावत पोचले तेव्हा सगळं होऊन चुकलं होतं. सोफा इतका ऐसपैस होता, की घराचं दार लागत नव्हतं. कोपऱ्यात किराणावाल्याचा फ्रिज उभा होता. त्याला जोडायला घरात प्लगच नव्हता, म्हणून काकूंनी त्यात कांदे भरले होते. संस्थेचे एक निवृत्त, सफारी घातलेले साहेब आणि एक तरुण ताई सोफ्यावर बसले होते, त्यांच्या पुढ्यात पुरणपोळी, आमटी, भजी आणि भूमच्या खव्याचे गुलाबजाम. साहेबांच्या डोक्याला तात्यांनी गुलाबी फेटा बांधला होता. ताईंची ओटी भरून झाली होती. फेट्याचा शेमला सारखा गुलाबजामच्या वाटीत पडत होता, आणि साहेब एका हातानं तो सावरत दुसऱ्या हातानं मोबाइलवर माहिती भरत होते.

"फ्रिज आहे," साहेब म्हणाले.

"हाय की!" तात्या म्हणाले. "आता दुसरा मोठा घ्यायचा इचार चाललाय."

मी पुढं झाले. "सर, हे सगळं सामान यांचं नाही, हे..."

"बाईला गुलाबजाम देऊ नगा," तात्या साहेबांना म्हणाले, "तेंला शुगर हाय. लई बोलल्यानं चक्कर येती तेंला."

साहेबांनी माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. ताईंनी मला बसायला जागा करून दिली. दाराशी अश्विनी उभी होती. तिनं मान वर केली नाही.

तिथून ते बाळासाहेबांच्या शेतातल्या खोलीवर गेले. मागाहून संस्थेच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं, की बाळासाहेब तात्यांच्या बाजेवर फाटकी बंडी घालून बसले होते आणि त्यांनी तात्यांच्याच चेमटलेल्या तांब्यातून पाहुण्यांना पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. निघताना त्यांनी एक सुस्कारा सोडला, तो ऐकून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

निकाल लागला. रोहनला शिष्यवृत्ती मंजूर. अश्विनीच्या नावापुढं शेरा, 'कुटुंबाची स्थिती समाधानकारक, अर्ज अपात्र.'

हे मी तात्यांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. "समाधानकारक म्हनले?" त्यांनी मला तो शब्द परत म्हणायला लावला. पारावर जाऊन सांगूनही आले. घरी परतले तेव्हा अश्विनी शेळ्यांपुढं पाला टाकत होती. लातूरला न्यायची बॅग तिनं रिकामी करून परत माळ्यावर टाकली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "तात्या, तुमची इज्जत राहिली. बरं झालं." आणि आत निघून गेली.

त्या संध्याकाळी बोळीतून एक अनोळखी माणूस पत्ता विचारत गेला. तात्या दारातच बसले होते. त्यांनी त्याला पत्ता सांगितला, बस एवढंच. चहाला या म्हणाले नाहीत. मी खिडकीतून पाहत होते. मला त्यांचा फार राग आला होता, पण हे बघून तो राग टिकेना.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला फोन लावायला घेतला. बाळासाहेबांची सगळी कुंडली मांडायची असं ठरवूनच. तात्या समोर येऊन बसले होते. म्हणाले, "बाई, आमच्या सोफ्याचं काय ते सांगा. बाळासाहेबाचं नगा सांगू."

"का? त्यांनी लबाडी केली आहे, तात्या!"

"केली. पर पोराचं काय? पोरगं खाली मान घालून अभ्यास करतंय. बाप मालदार हाय, पोरगं गरीबच हाय हो."

पोराच्या जिवावर उठायचं माझ्याही मनातून गेलं, बाळासाहेबांचा राग तेवढा राहिला, तो आजही आहे. मी फक्त सोफ्याचं आणि फ्रिजचं सांगितलं. सफारीवाले साहेब म्हणाले, "बाई, आम्ही सहसा असं करत नाही. पण तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एकदा येऊन बघतो. या वेळी जे दिसेल ते अखेरचं."

शिष्यवृत्ती मिळाली, हे इथंच सांगून टाकते. वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको. ती कशी मिळाली, तेवढंच आता सांगायचं आहे.

ज्या दिवशी साहेब येणार, त्या सकाळी माझ्या दाराची कडी वाजली. दारात तात्या. अंघोळ केलेली, टोपी परीटघडीची, जणू पाहुण्यांना सामोरे निघालेत.

"बाई," ते म्हणाले, "मला कोंडून ठिवा."

"म्हणजे?"

"तुमच्या सैपाकघरात. भाईरून कडी लावा. साहेब जाईपोत्तर काढू नगा, म्या कितीबी वराडलो तरी."

"तात्या, अहो, तुम्ही घरात नुसते गप्प बसलात तरी पुरे."

"न्हाय जमायचं," ते म्हणाले. "म्या रात्रभर इचार केला. पाहुणा दारात आला की मला काय व्हतंय ते माझं मला कळत न्हाय. त्वांड आपसूक चालतंय. म्या घरात असलो की पोरीचं पुन्ना वाटोळं करीन. माझा मला भरवसा न्हाय, बाई."

मी हसायला गेले, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून हसू आलं नाही. ते चपला हातात घेऊन आत आले, साहेबांना दिसायला नकोत म्हणून. स्वयंपाकघरात पाटावर बसले. मी बाहेरून कडी लावली. आयुष्यात प्रथमच मी एका शेजाऱ्याला त्याच्याच विनंतीवरून कैद केलं होतं. वरून माझ्यातला मास्तरपणा असा, की जाताना "हुं की चूं करायचं नाही" असंही म्हणून गेले.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बोळीत उघडते. तिथून तात्यांचं घर इतकं जवळ आहे, की काकूंच्या तव्यावर भाकरी पडली की मला ऐकू येतं.

साहेब आले. या वेळी एकटेच. घर तसंच होतं, खरं होतं. शेतातल्या खोलीवरून परत आलेली बाज, वाकळा, चुलीशी ती पोचे पडलेली भांडी. पत्र्याच्या भोकातून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. साहेब बराच वेळ उभ्यानंच सगळं पाहत राहिले. मग बाजेवर बसले आणि अश्विनीला म्हणाले, "तो सोफा कुणाचा होता?"

"उसना आणला व्हता, सर."

"आणि फ्रिज?"

"तोबी."

"खोटं का दाखवलंत?"

काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, दुसरं काही नाही. मीच त्यांना तसं बजावलं होतं. साहेब पाणी प्यायले आणि इकडं-तिकडं बघत म्हणाले, "वडील कुठं आहेत?"

काकूंना खोटं बोलता येत नाही. तो विभाग कायम तात्यांकडं. त्या पदर चाचपत म्हणाल्या, "गेलेत."

"कुठं?"

"भाईर."

"मी येणार हे माहीत होतं ना त्यांना?"

"व्हय."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, पण आता खरोखर चिडला होता. "कमाल आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी फेटे बांधायला, बडेजाव करायला पुढं पुढं होते. आज मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तर घरी थांबायला वेळ नाही. असले बाप मी पुष्कळ पाहिलेत. यांना मान पाहिजे. पोरगी शिकली काय, न शिकली काय, यांना काही देणंघेणं नसतं."

मी दाराशी उभी होते. मला तिथून माझी खिडकी दिसत होती. गजांवर तात्यांची बोटं होती, घट्ट आवळलेली. मला वाटलं, आता ओरडणार. ज्या माणसाला "चहा नको" हे दोन शब्द कधी गप्प बसून ऐकवले नाहीत, तो हे कसं ऐकून घेईल? मी मनातल्या मनात शिष्यवृत्तीवर पाणी सोडलं.

अश्विनीनंही तिकडं पाहिलं. "तसं न्हाय, सर," ती म्हणाली आणि थांबली. पुढं बोलायचं तर खिडकीकडं बोट दाखवावं लागलं असतं, आणि एकदा का तात्या बाहेर आले की पुढं काय झालं असतं ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

"बाळ, तू त्यांची बाजू घेऊ नकोस," साहेब हळुवारपणे म्हणाले. "तुझ्या आईकडं आणि बाईंकडं बघून मी हे करतोय. गरज खरी आहे, हे मी पाहिलं. वडिलांना मुलीच्या शिक्षणात रस नाही, हेही मला लिहावं लागेल."

गजांवरची बोटं सुटली. खिडकी रिकामी झाली.

साहेब उठले. काकूंना नमस्कार करून, अश्विनीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. चहाविना गेले. आमच्या आळीत तात्यांच्या दारातून असा कुणी गेल्याचं मला तरी आठवत नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी जाऊन कडी काढली. तात्या पाटावर भिंतीला टेकून बसले होते, टोपी मांडीवर. त्यांना टोपीशिवाय मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावरचे केस पार पांढरे झाले होते.

"पाणी तरी पिले का?" त्यांनी विचारलं.

"प्यायले."

"समदं?"

"हो, सगळं."

"उन्हाचं आलते बिचारे." मग थोडं थांबून, "व्हईल न्हवं काम?"

"होईल तात्या. गरज खरी आहे म्हणाले."

"आइकलं म्या." ते टोपीच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. "समदंच आइकलं. मानूस सज्जन हाय, बाई. तेंचं काय चुकलं न्हाय. तेंला दिसलं ते तेनी लिवलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अश्विनीला तर ठावं हाय न्हवं? म्हंजी... मला रस हाय का न्हाय, ते?"

मी या माणसाला कितीतरी थापा मारताना ऐकलेलं होतं. पण ज्याचं उत्तर त्याला माहीत नाही, असा प्रश्न विचारताना ऐकलं ते तेव्हाच. मी सांगायला तोंड उघडलं.

सांगायची गरजही पडली नाही. अश्विनी माझ्या मागं दारात येऊन उभी होती, केव्हापासून ते मला कळलं नाही. ती आत आली. तात्यांनी कोपऱ्यात लपवून ठेवलेल्या चपला तिनं उचलल्या, ओढणीच्या टोकानं त्यांवरची धूळ पुसली, आणि उंबऱ्याबाहेर नेऊन, त्यांना उतरताच पायात घालता येतील अशा सरळ मांडून ठेवल्या.

"चला तात्या," ती म्हणाली. "भाकरी गार व्हायली."